दुसऱ्याबद्दल विचारलं तर

चाक्को सरांनी शिरीनगुलच्या थोबाडीत इतक्या जोरात मारली, की तिच्या डोक्यावरची चादर घसरून खांद्यावर आली आणि ती भिंतीवर आदळली. अंगण माणसांनी भरलेलं होतं. गुरुवार म्हणजे पट्टे बदलायचा, नवे कृत्रिम पाय बसवून बघायचा दिवस. कुबड्यांवर उभे असलेले पुरुष आणि पडद्याआड बसलेल्या बायका, सगळे तिकडे बघायला लागले.

"चोर!" सर ओरडले. तिथल्या भाषेत ओरडले, सगळ्यांना कळावं असं. "आमचं मीठ खातेस आणि आमचंच चामडं पळवतेस?"

त्यांनी तिच्या हातातली पिशवी हिसकावून उलटी केली. फडक्यात बांधलेली रोटी पडली, मुलीसाठी घेतलेली रिबन पडली आणि मागोमाग मऊ चामड्याची एक जाड गुंडाळी पडली. शिरीनगुल त्या गुंडाळीकडे बघतच राहिली.

मी धावत मध्ये गेले. "सर, काय करताय हे? ती चोर नाही!"

रागाच्या भरात मी मराठीतच बोलले. सरांना मराठी येत होतं. ते मूळचे केरळातले, पण उमेदीची वर्षं त्यांनी मिरजेला काढली होती.

"मध्ये पडू नको, शैला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मग शिरीनगुलच्या दंडाला धरून त्यांनी तिला फरफटत फाटकापर्यंत नेलं आणि बाहेर ढकललं. "पुन्हा या दारात दिसलीस तर पाय तोडीन तुझे."

सबंध शहराला पाय बनवून देणारा माणूस हे बोलला. रस्त्यावर पडलेल्या शिरीनगुलनं मान वर केली. तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. ओठ फाटून हनुवटीवर रक्त आलं होतं. मग उठली, चादर सारखी केली आणि निघून गेली.

त्या देशाचं नाव मी अजूनही घेत नाही. आमच्या संस्थेचा तो पहिला नियम होता आणि तो अंगात इतका मुरलाय, की घरातसुद्धा आम्ही "तिकडे" एवढंच म्हणतो. मी नगरची. आमच्या घरात तीन पिढ्या ख्रिस्ती, आजोबा गावोगाव उपदेश करत हिंडायचे. मी फिजिओथेरपी शिकले आणि तिशी उलटायच्या आत तिकडे गेले. सुरुंगांनी पाय गेलेल्या माणसांना आमच्या कार्यशाळेत कृत्रिम पाय मिळत. चाक्को सर पाय बनवत, मी त्या पायांवर माणसांना उभं करायला शिकवत असे. बायकांच्या बाजूला मला मदत करायला शिरीनगुल होती. तरुण विधवा, एक लहान मुलगी पदरात, माहेरी भावांच्या धाकात राहणारी. दुपारी ती आणि मी एका ताटात जेवायचो.

अशा देशांत आमचं काम कसं चालावं ते पाच जणांचं एक मंडळ ठरवत असे. मंडळ दुसऱ्याच देशात बसायचं. फोनवर त्यांना आम्ही "काका" म्हणायचो आणि प्रार्थनेला "चहा". तिकडे कोणालाही धर्माचं काही सांगायचं नाही. कोणी आपण होऊन विचारलं तर फक्त तिथल्या प्रमुखाला, म्हणजे चाक्को सरांना कळवायचं, पुढचं ते बघतील. कोण काय विचारतंय, कोणाच्या मनात काय आहे, हे दुसऱ्या कोणाला कळता कामा नये. पळवून नेलं तर संस्था सोडवायला पैसे देणार नाही, हे आम्ही जायच्या आधीच कबूल केलेलं होतं. हे सगळं मला चाक्को सरांनीच शिकवलं. त्यांनी सगळ्यांत जास्त वेळ एकाच नियमावर घालवला होता.

"स्वतःबद्दल विचारलं तर खोटं बोलायचं नाही," ते म्हणाले होते. "दुसऱ्याबद्दल विचारलं तर खरं सांगायचं नाही."

"आणि मारलं तर?"

"म्हणूनच तर जास्त काही ठाऊक करून घ्यायचं नाही. जे ठाऊक नाही, ते मारूनसुद्धा कोणाला काढून घेता येत नाही."

तर त्या गुरुवारी दुपारी मी कार्यशाळेत शिरले. सर एका पावलाला कानस मारत बसले होते.

"ते चामडं माझ्या कपाटातलं होतं," मी म्हणाले. "सकाळी तिथंच होतं. शिरीनगुल तर तेव्हा आलीही नव्हती. ते तिच्या पिशवीत तुम्ही घातलंत."

कानस चालूच राहिली.

"का? काय केलं तिनं तुमचं? तिचे भाऊ आता तिला काय करतील, ठाऊक आहे? चोर म्हणून घरी गेलीय ती!"

"तू एवढं बारकाईनं बघत जाऊ नको, शैला."

"मी मंडळाला सांगणार आहे."

"सांग," ते म्हणाले. "पण सोमवारी सांग."

त्या माणसाचा मला इतका संताप आला, की पुढच्याच टेबलावरची हातोडी उचलून फेकून मारावीशी वाटली. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्यासाठी ठेवलेलं जेवण जसंच्या तसं परत येत होतं, तेही बघून मी मनात म्हणायचे, बरं झालं.

शनिवारी सकाळी मी एका म्हातारीला नव्या पायावर तोलायला शिकवत होते. तिचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर होते. फाटकाशी कोणाची तरी बाचाबाची ऐकू आली. आमचा राखणदार करीम बाबा म्हणत होता, "आत सगळी लंगडी माणसं आहेत रे, बंदुका कशाला आणल्यात?" आणि गोळी वाजली. खिडकीतून मला तो दिसला. पोट दोन्ही हातांनी धरून तो हळूच खाली बसला, एखादा दमलेला माणूस बसावा तसा, आणि आडवा झाला.

चौघे आत आले. तोंडं फडक्यांनी बांधलेली. शेवटचा जरा लंगडत होता. त्यांनी रुग्णांना कुबड्यांसकट भिंतीकडे हाकललं. पडद्याआडच्या बायकांना बाहेर काढलं. ज्यांना उभं राहता येत नव्हतं त्यांना लाथांनी सरकवलं. सरांना आणि मला कार्यशाळेच्या मधोमध आणून गुडघ्यांवर बसवलं. त्यांचा म्होरक्या तरुण होता आणि फार हळू आवाजात बोलायचा.

"इथं एक विधवा काम करते. शिरीनगुल. तिला तुम्ही बाटवलंत."

"इथं पाय बनवतात," सर म्हणाले.

बंदुकीचा दस्ता त्यांच्या तोंडावर बसला. दात फुटल्याचा आवाज मी ऐकला. सर खाली पडले, उठून पुन्हा गुडघ्यांवर बसले आणि तोंडातलं रक्त फरशीवर थुंकले.

"घरी नाही ती. कुठं लपवलीस तिला?"

"लपवीन कशाला? चोर आहे ती. हाकलून दिलं."

म्होरक्यानं मान हलवली. दोघांनी सरांना ओढत ऐरणीकडे नेलं. पत्रा ठोकायची ती लोखंडी ऐरण दोन पावलांवर होती. त्यांनी सरांचा उजवा हात तिच्यावर दाबून धरला आणि एकानं हातोडी घेतली.

मी डोळे मिटले. पण कान मिटता येत नाहीत. पहिल्या घावाला ते ओरडले, दुसऱ्याला ओरडले, तिसऱ्याला त्यांच्या घशातून नुसती घरघर आली. बायका रडायला लागल्या. कोणीतरी मोठ्यानं देवाचा धावा करत होतं.

"ती तुमची. तुमच्यातली," म्होरक्या म्हणाला. "कुठं आहे?"

"आमची नाही ती!" सर किंचाळले. "आमची असती तर भर अंगणात मारलं असतं का मी तिला?"

त्या दोघांनी सरांचा दुसरा हात ऐरणीवर ओढला.

डोळे उघडले तेव्हा दोन्ही हातांची बोटं कशीही वळलेली होती आणि सर ऐरणीला टेकून बसले होते. मी त्यांच्याकडे बघत होते, आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. इतका मार खाताना माणूस आधारासाठी कोणाकडे तरी बघतोच. ते दाराकडे बघत होते, छताकडे बघत होते, माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होते. माझ्या चेहऱ्यावर काही उमटू नये, म्हणून. तेव्हा मला गुरुवार कळला. अंगण भरेपर्यंत ते का थांबले होते, तिथल्या भाषेत का ओरडले, चामडं कशाला, थोबाडीत कशाला, सगळं एका क्षणात कळलं.

म्होरक्यानं माझे केस धरून मान मागे ओढली.

"तू तिच्याबरोबर जेवायचीस. तू सांग. चोर होती?"

पुढचे शब्द मी कुठून आणले, मला सांगता येणार नाही.

"चोर? अहो, मी जेवू घातलं त्या कुत्रीला! माझ्या कपाटातून नेत होती. माझी साखळी गेली, माझे कपडे गेले. सापडली तर माझ्याकडे आणा तिला. मी तिचे केस उपटते!"

"खोटं बोलतेयस."

"मग जा आणि विचारा तिलाच, साखळी कुठं विकलीस म्हणून!"

दस्ता माझ्या खांद्यावर आला. हाड मोडल्याचं आधी ऐकू आलं आणि मग कळ आली. मी जमिनीवर पडले. पडल्या पडल्याही मी शिरीनगुलला शिव्या देत होते. येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या मी दिल्या. त्यातल्या कितीतरी तिनंच मला हसत हसत शिकवल्या होत्या.

तेवढ्यात तो लंगडणारा पुढे आला. फडक्याआडून म्हणाला, "मी होतो इथं गुरुवारी. पट्टा घट्ट करायला आलो होतो." त्यानं आपल्या विजारीवरून हात फिरवला, तेव्हा मला त्याच्या पायाची ठेवण ओळखू आली. पाय आमच्याच कार्यशाळेतला होता. "खरंच मारलं यानं तिला. फरफटत नेलं. पाय तोडीन म्हणाला."

"नक्की?"

"माझ्या डोळ्यांनी बघितलं. आपल्या माणसाला असं कोणी मारत नाही."

म्होरक्यानं बंदूक खाली केली. मग त्यानं सरांपुढे उकिडवं बसून विचारलं, "आणि तू? तू कोण आहेस?"

सरांनी पाठ ताठ केली. तोंड इतकं सुजलं होतं, की शब्द फुटत नव्हते. तरी त्यांनी एकेक शब्द नीट उच्चारला.

"मी ख्रिस्ती आहे. ते मी कधी लपवलं नाही."

म्होरक्यानं उभं राहून त्यांच्या छातीत गोळी घातली. मग आणखी एक घातली. सर ऐरणीच्या कडेनं घसरले आणि त्यांचं डोकं माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन पडलं.

"आणि तू?"

नळी माझ्या कपाळाला लागली. गरम होती. "मीही," मी म्हणाले. त्यात धैर्य वगैरे काही नव्हतं. त्या खोलीत आता आणखी एक खोटं बोलायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

गोळी सुटली नाही, कारण ती म्हातारी ओरडायला लागली. अर्धवट बांधलेला नवा पाय घासत ती फरशीवरून माझ्यापर्यंत आली होती. "मार!" ती त्या पोराला म्हणाली. "पाय देणारा मारलास, आता चालायला शिकवणारीला मार! आणि मग मला पाठीवर घेऊन डोंगरापलीकडे सोड. तुझ्या आईला ओळखते मी. तिला जाऊन सांगते, तुझ्या मुलानं लंगड्या म्हातारीसमोर बाई मारली!" ती माझ्या अंगावर पडली आणि तिनं आपली चादर माझ्यावर ओढली. त्या चादरीला धुराचा आणि मेंढ्यांचा वास होता. भिंतीकडच्या बायकाही एकेक करून आमच्याभोवती येऊन बसू लागल्या.

लंगडणारा म्हणाला, "चल. झालं आपलं काम."

ते गेले.

मला विमानानं बाहेर काढलं. ज्या शहरात मंडळ बसायचं तिथल्या इस्पितळात खांद्याला सळई घातली. मंडळाच्या प्रमुख हेल्मी नावाच्या फिनलंडच्या वयस्क बाई होत्या. त्या माझ्या उशाशी येऊन बसल्या आणि मला न ठाऊक असलेलं त्यांनी सांगितलं. बुधवारी सरांचा फोन आला होता. शिरीनगुलचं नाव बाहेर फुटलंय, तिच्यावर लोक येणार, काय करू? मंडळानं सांगितलं, शुक्रवारी बैठक आहे, तोवर थांबा, आपल्या मनानं काही करू नका.

"ते थांबले नाहीत," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी आम्ही बहुधा तिला सीमेपलीकडे न्यायचं ठरवलं असतं. आणि रस्त्यात ती सापडली असती."

"मग आता सगळ्यांना खरं सांगा."

"खरं सांगितलं, की तो मार खोटा ठरतो. तो खोटा ठरला, की ते तिच्यासाठी परत येतील."

"म्हणजे जगाच्या लेखी सर कोण? एका गरीब विधवेला मारणारा माणूस?"

"ती त्या देशात आहे तोवर, हो."

"त्यांच्या बायकोलासुद्धा सांगायचं नाही?"

"तिलासुद्धा नाही. पण ज्यांनी ते बघितलं त्यांच्याशिवाय आम्ही हे ठरवणार नाही. तुमचं मत काय?"

दुसऱ्या दिवशी माझ्या खाटेभोवती मंडळाच्या पाचही जणांनी होकाराचे हात वर केले. मग मीही केला, न मोडलेल्या बाजूचा.

घरच्यांना कळवलं गेलं ते एवढंच, की चोर म्हणून मारून कामावरून काढलेल्या एका बाईवरून तंटा झाला आणि त्यात चाक्को मारले गेले. मी नगरला परत आले. आमच्या चर्चच्या दारात लोक बोलायचे, "तापट होता म्हणे. बाईवर हात उचलायचा." मी चपला घालून निघून यायचे.

अकरा वर्षांनी शिरीनगुल तिच्या मुलीला घेऊन सीमा ओलांडून निघाली आणि पुढे एका थंड देशात तिला आसरा मिळाला. मंडळानं पुन्हा होकाराचे हात वर केले आणि मला बोलायची मोकळीक दिली. मी आधी तिलाच फोन लावला. पडद्यावर ती दिसली तेव्हा तिचा जबडा एका बाजूला वाकडा होता.

मी सगळं सांगितलं. मला वाटत होतं, ती रडेल.

"हा जबडा माझ्या भावानं मोडला," ती म्हणाली. "चोर बहीण नको म्हणून त्याच रात्री हाकलून दिलं. अकरा वर्षं मला कोणी घरात घेतलं नाही. माझ्या मुलीला शाळेत चोराची पोर म्हणायचे. मी रोज त्या माणसाला शिव्याशाप दिले, शैला जान. तुलाही दिले."

"नाही तर तुला मारून टाकलं असतं गं."

"हो. मारलं असतं." ती म्हणाली. "पण मला विचारायला काय झालं होतं त्याला? एका वाक्याचं काम होतं. असं असं करतो, चालेल का? मी हो म्हटलं असतं. दुसरा गालही मी पुढे केला असता. तुमच्या इतक्या नियमांत मला विचारायचा एकसुद्धा नियम नव्हता?"

तिला ठाऊक असतं तर भावांनी मारताना तिच्या तोंडून ते निघालं असतं, हे मी बोलू शकले असते. तो वाकडा जबडा बघून माझ्याच्यानं ते बोलवलं नाही.

"तू खरंच आमच्यातली झाली होतीस का?" मी विचारलं.

"मी त्याला फक्त एक विचारलं होतं. तुम्ही लोक रडता तेव्हा कोणापुढे रडता? पुढचं माझं आहे. ते तुला सांगणार नाही." मग म्हणाली, "त्याच्या बायकोला भेटशील? तिला सांग, मी चोर नव्हते. बाकी काही नको."

महिनाभरानं मी केरळात पंपा नदीकाठच्या त्या गावी गेले. साराम्मा ओसरीत फणस सोलत बसल्या होत्या. मिरजेला नर्स असतानाच त्यांची आणि सरांची गाठ पडली होती, त्यामुळे मोडकंतोडकं मराठी त्यांना अजून येत होतं. हात पुसून त्यांनी मला शेजारी बसवलं. मी सुरुवात कुठून करावी तेच कळेना, म्हणून निरोपच आधी सांगितला.

"ती बाई, शिरीनगुल. तिनं सांगायला सांगितलंय, ती चोर नव्हती."

"ठाऊक आहे मला," साराम्मा म्हणाल्या.

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मिरजेला आमच्या घरात चोर शिरला होता. यांनी पकडला. पकडून त्याला जेवायला वाढलं आणि बसचं तिकीट काढून दिलं. मी किती भांडले होते!" त्या हसल्या. "खऱ्या चोराला यांनी कधी मारलं नसतं. तुमचा निरोप आला, चोर म्हणून बाईला मारलं, तेव्हाच मला कळलं, की ती चोर नाही आणि यांनी काहीतरी मोठं काम केलंय."

"मग तुम्ही कधी विचारलं का नाही?"

साराम्मांनी माझा मोडून बसवलेला खांदा बघितला आणि त्यावर हात ठेवला.

"विचारलं असतं तर तुला माझ्याशी खोटं बोलावं लागलं असतं ना," त्या म्हणाल्या. "आता सांग. काही गाळू नको. पहिल्यापासून सांग."